केबिनबाहेरून ऐकलेलं

खेडच्या एसटी स्टँडजवळ माझं एसटीडी बूथ होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टाकलं, घरोघरी मोबाइल आल्यावर गुंडाळलं. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, आत फोन आणि माझ्या टेबलावर लाल आकडे पळवणारं बिलाचं मशीन. केबिनचं दार नीट लागत नसे, आणि लागलं तरी कोकणातल्या माणसाचा आवाज काचेला ऐकणारा नव्हे. त्यामुळे वर्षानुवर्षं मी लोकांची बोलणी ऐकली, पण कायम निम्मीच. पलीकडून मुंबई, सुरत, कुवेत, जेद्दा काय म्हणाली ते मला कधीच कळलं नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं की दोघांचं संभाषण कानावर पडण्यापेक्षा एकट्याचीच बाजू कानावर पडली तर माणसाचं हातातल्या कामावरचं लक्ष जास्त उडतं. पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही, आणि मेंदू ती गाळलेली जागा भरत बसतो. माझा तर तो धंदाच झाला होता. त्यातून जे हाती लागलं ते आठवेल त्या क्रमानं लिहितो.

१. बातमी एका मिनिटात संपते

फोन करायला आलेला माणूस आधी मला कारण सांगायचा. मी विचारलेलं नसायचं. "साखरपुड्याची तारीख कळवायचीय." "गणपतीच्या गाडीचं रिझर्वेशन मिळालं का, एवढंच विचारायचंय." आत गेल्यावर तारीख पहिल्या मिनिटात कळवून व्हायची. मग पाऊस लागला का, लावणी कुठवर आली, म्हातारीचा गुडघा काय म्हणतो, जेवलास का, काय जेवलास. लाल आकडे पळताहेत, माणसाची नजर त्यांच्यावरच आहे आणि तरी तोंडातून निघतंय, "मग, बाकी काय?"

हे "बाकी काय" काय प्रकरण आहे, ते बूथ बंद झाल्यावर वाचनालयात बसून वाचायला लागलो तेव्हा नीट उलगडलं. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता. १९२३ साली त्यानं लिहिलं की हवापाण्याच्या आणि ख्यालीखुशालीच्या गप्पांतून कुणी कुणाला विचार पोचवत नसतो. त्या गप्पांनी माणसं एकमेकांना बांधली जातात, आणि तेवढ्याचसाठी त्या असतात. आमच्या बूथवर ते बांधलं जाणं युनिटच्या दरानं मिळत होतं आणि लोक ते विकत घेत होते. ज्यांच्याकडे पैसा कमी, तेही. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा. त्या वेळेला पावणेअकरापासून बाकावर जी माणसं येऊन बसायची, त्यांच्यातल्या कितीजणांकडे खरोखर बातमी असेल? फार तर दोघातिघांकडे.

उलट प्रकार एकदाच पाहिला. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि संध्याकाळी माझ्या बूथची रांग रस्त्यावर गेली. तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातला कुणी ना कुणी चाकरमानी मुंबईत. लाइन लागता लागत नव्हती. ज्याची लागायची तो "आहेस ना? बरं, ठेव" एवढंच बोलून मागच्याला जागा करून द्यायचा. माझ्या बूथवरचे ते सगळ्यांत छोटे फोन. पावसाची चौकशी नाही, जेवणाची नाही. एरवी पाच मिनिटं घोळवून जे विचारलं जायचं, ते त्या दिवशी दोन शब्दांत विचारलं गेलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की रोजच्या "जेवलास का"च्या पोटातही हाच प्रश्न होता.

२. पहिल्या "हॅलो"त निम्मं कळतं

"बरं नाही वाटतं तुला?" हे वाक्य मी अगणित वेळा ऐकलं, तेही समोरच्यानं आपलं नाव सांगण्याआधी. याचं मला फार नवल वाटायचं, कारण टेलिफोनची तार आवाज चांगलाच छाटून पाठवते. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-दीडशेच्या आसपास, म्हणजे तो तारेतून जातच नाही. वरच्या सुरांवरून कान तो मनानं उभा करतो. "स"मधला सळसळाट बराचसा वरच्या बाजूला राहून जातो, म्हणून नाव कळवताना "स समईचा, फ फणसाचा" करावं लागतं. असा कापलेला, खरखरणारा आवाज येतो आणि सावर्ड्याची आई सांगते की पोराचा घसा बसलाय, किंवा तो नुकताच कुणाशी तरी भांडलाय.

म्हणून ज्यांना लपवायचं असे ते तयारी करून येत. एक बाई बाकावर बसून आधी पुरतं रडून घ्यायच्या. मग माझ्याकडून पाणी मागून चूळ भरायच्या, तोंड पुसायच्या, एकदा खाकरायच्या आणि नंबर फिरवायच्या. आत गेल्यावर, "हां, मी बोलतेय! अगदी मजेत!" नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि पोराची परीक्षा चालू होती. ती परीक्षा संपेपर्यंत त्या बाईंनी हा आवाज टिकवला. याला खोटं म्हणायचं असेल त्यानं म्हणावं. मी त्या बाईंकडून फोनचे पैसे कधी घेतले नाहीत, एवढं सांगतो. माझ्या धंद्याच्या मानानं ही मोठीच गोष्ट होती.

३. कुणी बघत नसलं तरी हात हलतात

"इथून डावीकडे वळ" म्हणताना केबिनमधला हात डावीकडे जायचाच. "एवढा मोठा बांगडा" सांगताना रिसीव्हर मानेत धरून दोन्ही हातांनी माप दाखवलं जायचं. बाहेरची पोरं फिदीफिदी हसायची. पण १९९८ साली अमेरिकेतल्या दोन अभ्यासक बायांनी जन्मांध मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. ज्यांनी कधीच कुणाचे हातवारे पाहिले नाहीत, ती मुलंही बोलताना हातवारे करतात. समोरचाही अंध आहे हे ठाऊक असताना करतात. तेव्हा हात हलतात ते बरेचसे स्वतःला बोलता यावं म्हणून. आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर यायचे. ते एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात रिसीव्हर धरून बोलायला लागले की अडखळायचे. पिशवी माझ्या टेबलावर ठेवायला लावली की ओघ सुरू.

ओरडण्याचंही तेच. गावाकडचा माणूस फोनवर ओरडतो म्हणून शहरातले हसतात. बाहेर एसटीची घरघर, आत कानाशी खरखर. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरानं १९११ सालीच नोंदवून ठेवलंय. मुंबईकर लोकल ट्रेनमध्ये वेगळं काय करतात?

४. अर्ध्या सेकंदाचा रुसवा

खेड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातली पुष्कळ माणसं आखातात. तिकडे तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची. इथून आयएसडी परवडायचं नाही, त्यामुळे ठरलेल्या वेळी तिकडूनच माझ्या बूथवर फोन यायचा. त्याआधी अर्धा तास घरची माणसं येऊन बसलेली असायची. नवी सून, तिची सासू, कडेवरचं पोर, कधी कधी शेजारीणसुद्धा. येणाऱ्या फोनचे मी दोन-चार रुपये घ्यायचो.

आणि दर शुक्रवारी एक तरी रुसवा व्हायचा. सून विचारायची, "ईदला येणार ना?" मग गप्प. तिचा चेहरा उतरायचा. ती चिडून "राहू दे मग" म्हणायची, तेवढ्यात तिकडून काहीतरी आलेलं असायचं, दोघंही एकदम बोलायचे, एकदम थांबायचे. सासू रिसीव्हर ओढून घ्यायची आणि तिचंही तेच व्हायचं.

यात माणसांचा दोष जवळपास नव्हता. त्या काळी परदेशचे बरेच फोन उपग्रहावरून जात. आपल्या नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ साली उपग्रह केंद्र सुरू झालं, तिथली ती मोठी पांढरी तबकडी पुणे-नाशिक रस्त्यानं जाणाऱ्या पुष्कळांनी पाहिली असेल. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली यायला जवळपास पाव सेकंद, आणि उत्तर यायला पुन्हा पाव. म्हणजे प्रश्न विचारल्यावर तिकडच्यानं झटक्यात "हो" म्हटलं तरी इकडे ते अर्धा सेकंद उशिरानं पडणार.

अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. नेदरलँड्समधल्या एका संस्थेच्या अभ्यासकांनी जगातल्या दहा भाषांतली संभाषणं मोजून २००९ साली मांडलं की प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यांच्यात सरासरी साधारण एक पंचमांश सेकंदच जातो. जपानी असो, डॅनिश असो, फरक थोडाच. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होत असतं. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: "हो" लवकर येतं, "नाही" रेंगाळत येतं. हे कुणी आपल्याला शिकवलेलं नसतं, पण आपण त्यावरच चालतो. उसने मागायला गेलेला माणूस पहिल्या क्षणाच्या शांततेतच उठायच्या तयारीला लागतो, ते उगाच नाही. मग ईदला येणार का, या प्रश्नावर अर्धा सेकंद शांतता आली तर सुनेनं काय समजायचं? तिच्या कानांनी "नाही" ऐकलं. पुढे "हो" आलं ते तिला ओढूनताणून आणलेलं वाटलं. पुढे २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मुद्दाम फोनमध्ये असा उशीर घालून पाहिलं. लोकांनी यंत्राला बोल न लावता पलीकडच्या माणसालाच कमी लक्ष देणारा ठरवलं. ते प्रयोगशाळेतले अनोळखी लोक. इथे लग्नाला वर्षही न झालेली मुलगी आणि समुद्रापलीकडचा नवरा.

मी उपग्रहाचं सांगायचा प्रयत्न करायचो. काही उपयोग झाला नाही. तोड काढली ती एका पोरसवदा मुलीनंच. आपलं बोलून झालं की ती म्हणायची, "आता तुमी." आणि ओठ मिटून काचेवर बोट टेकवून उभी राहायची, उत्तर येईपर्यंत. सुरुवातीला सासूला ते उर्मट वाटलं. महिन्याभरात सासूही "आता तू" म्हणायला लागली, आणि हळूहळू शुक्रवारच्या सगळ्याच बायका. पोलीस ठाण्यातला वायरलेसवाला एकदा चहाला आला होता. तो म्हणाला, आमचं "ओव्हर" यांना कुणी शिकवलं?

५. मुद्दा "ठेवू?" नंतर येतो

फोन ठेवणं हे एकट्याचं काम नाही. "बरं." "बरं मग." "चल." "हां, चल." "ठेवू?" "ठेव." "तू ठेव." दोघांचीही खात्री पटावी लागते की आता काही उरलेलं नाही. शेग्लॉफ आणि सॅक्स या दोघा अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली यावर एक अख्खा लेख लिहिलाय. संभाषण आपोआप थांबत नाही, ते पायरीपायरीनं उतरवावं लागतं आणि प्रत्येक पायरीवर "अजून काही?" असं एक दार उघडं ठेवलेलं असतं.

त्या दारातून काय काय येताना पाहिलं! वडिलांशी दहा मिनिटं क्रिकेटवर बोलून, "ठेवतो हां... आणि ते, नोकरी सोडली मी." बहिणीशी सगळ्या भावंडांची चौकशी करून, "चल मग... तुझ्याकडे पाच हजार होतील?" एकदा शेजारच्या वाडीत लग्न होऊन आलेली मुलगी माहेरी बोलत होती. सासरचं घर, विहीर, मांजरीची पिल्लं, सगळं झालं. "ठेवू आई?" मग थोडं थांबून, "पुढच्या महिन्यात येऊ का राहायला?" पलीकडे काय म्हटलं गेलं ते मला ठाऊक नाही. मुलगी म्हणाली, "नाही, काही नाही झालं. असंच." दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीतून तिची आई उतरली. रस्ता विचारायला माझ्याकडेच आली म्हणून कळलं.

त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळलं. कुणी "ठेवू?" म्हणालं की लगेच बिल फाडायला हात घालायचा नाही. मशीनची करकर ऐकली की लोक घाईनं ठेवून देतात. धंद्याच्या दृष्टीनंही हे फायद्याचंच होतं, हे नाकारत नाही.

६. शून्य रुपयांचा निरोप

माझ्या धंद्याचा शत्रू म्हणजे रिंग देऊन ठेवणारे. पलीकडे उचललं नाही तर मशीनवर युनिट पडत नाही. मुंबईहून रात्रभर प्रवास करून उतरलेला माणूस केबिनमध्ये शिरायचा, दोन रिंगा द्यायचा, ठेवायचा, "लागत नाय" म्हणून हसत बाहेर. दोन रिंगा म्हणजे पोचलो. तीन म्हणजे पैसे मिळाले. एका घराचं तर रिंग, मध्ये थांबणं, पुन्हा रिंग असं प्रकरण होतं, ते मला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

एकाशी मी भांडलो. म्हटलं, पैसे द्या. तो म्हणाला, बोललो कुठे? मी म्हटलं, निरोप तर गेला! तो वकील होता, त्यामुळे मी हरलो. पण माझी बाजू घेणारा एक बडा माणूस पुढे भेटला, पुस्तकात. क्लॉड शॅनन, बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतला गणिती. १९४८ साली त्यानं माहिती मोजायची रीत काढली. त्याच्या हिशेबात संदेश किती लांब याला महत्त्व नाही. तो येण्याआधी काय काय शक्य होतं आणि त्यातलं किती कटाप झालं, यावर माहिती ठरते. घरी बसलेल्या बायकोपुढे दोनच शक्यता: पोचला किंवा नाही पोचला. दोन रिंगांनी त्यातली एक मिटली. अख्खं वाक्य बोलून याहून जास्त काय झालं असतं?

फक्त हे सगळं आधी बसून ठरवावं लागतं, आणि ठरवलं की न वाजलेली घंटाही बोलायला लागते. रात्री नऊपर्यंत रिंग आली नाही तर ती घरी ऐकू येतेच. पुढे मोबाइल आले तेव्हा अख्ख्या देशानं मिस्ड कॉल नावानं हेच केलं. २००३ साली येणारे फोन फुकट झाले, तरी ही सवय सुटली नाही. माझं बूथ त्याच सुमाराला शेवटच्या घटका मोजत होतं.

७. "सिरियस"

तारेच्या काळापासून चालत आलेली रीत. मयताची तार जायची ती "आई सिरियस, लगेच निघा" अशी. वाचणाऱ्याला कळायचं, पाठवणाऱ्याला ठाऊक असायचं की कळणार, आणि तरी दोघंही तो शब्द सांभाळून धरायचे, प्रवास पुरा होईपर्यंत. तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. पण हा शब्द त्याआधीच फोनवर आला होता. लोक मला विचारायचे, काय सांगू? मी म्हणायचो, सिरियस आहे सांगा. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञानं १९७५ साली छापलेल्या निबंधात म्हटलंय की ऐकणारा नेहमी हे गृहीत धरतो की बोलणाऱ्यानं गरजेएवढं सांगितलंय. कमी सांगितलं असेल तर त्यालाही कारण असणार, आणि ते कारण तो शोधून काढतो. हॉस्पिटल कुठलं, डॉक्टर काय म्हणाले, हे काहीच न सांगता नुसतं "निघा" म्हटलं की उरलेलं वाक्य माणूस एसटीत बसल्यावर स्वतः पुरं करतो.

माझ्याकडे फोन आला की वाडीत निरोप द्यायला पोरगा पाठवावा लागे. आधी मी पोराला सगळं सांगायचो. तो अंगणात शिरायच्या आत घरातल्यांना त्याच्या चालण्यावरून कळून जायचं आणि रडारड सुरू व्हायची. मग "मुंबईहून फोन आहे, परत येणार आहे, चला" इतकंच सांगून पाठवू लागलो.

८. दुप्पट वेगानं आजी

आता माझ्या बायकोला रोज सकाळी सहाला फुलांची चित्रं येतात, शुभ सकाळसकट. नातवंडं नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. त्या पाठवणाऱ्या बहुतेक बायका एकेकाळच्या "बाकी काय"वाल्याच आहेत, काही तर माझ्या बाकावर बसलेल्या. एखादीचं फूल दोन दिवस आलं नाही की बायको फोन लावते.

माझी तक्रार दुसरीच आहे. पुण्याच्या नातीला आजी व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवते, आणि नात तो दुप्पट वेगानं ऐकते. "आजी, सगळे शब्द कळतात मला!" कळत असतीलच. परवा आजीनं पाठवलं, "तुझ्या बाबाला म्हणावं, ये एकदा... सवडीनं." त्या दोन शब्दांच्या मध्ये आजी जी थांबली होती, तेवढ्यात पूर्वी माझ्या मशीनवर एक युनिट पडलं असतं. नातीनं बापाला कळवलं, "आजी म्हणते सवडीनं ये." मी मुलाला फोन करून सांगितलं की या रविवारी ये. तो म्हणाला, "बाबा, काही झालंय का?" मी म्हटलं, "नाही. असंच." शनिवारी रात्रीच आला.